श्वार्त्सवाल्डबानने ब्लॅक फॉरेस्ट पार करताना: तिकीट, जागा, थांबे आणि अडचणी

ब्लॅक फॉरेस्ट पाहायला जाणारी मंडळी बहुधा मोटार भाड्याने घेतात, नाहीतर बसच्या सहलीला नाव नोंदवतात. त्याच डोंगरातून साधारण दर तासाला एक दुमजली रेल्वेगाडी जाते. आरई २ तिचं नाव, कार्ल्सरूहे ते कोन्स्टान्झ तिचा प्रवास. त्यातला ऑफेनबुर्ग ते झिंगेन हा सुमारे १५० किलोमीटरचा तुकडा म्हणजे श्वार्त्सवाल्डबान. जर्मनीतल्या सर्वांत देखण्या घाटमार्गांपैकी हा एक, पण ही पर्यटकांची गाडी नव्हे. शाळकरी मुलं, कारखान्यांतले कामगार आणि कोन्स्टान्झचे विद्यार्थी तिच्यातून रोज ये-जा करतात. त्यामुळे तिला आरक्षण नाही, खानपानाचा डबा नाही, बाहेर काय दिसतंय ते सांगणारं कोणी नाही आणि फोटोसाठी ती कुठे हळूही होत नाही. आखणी सगळी आपली आपण करायची. ती कशी करायची ते पुढे सांगितलं आहे.

आधी मार्ग डोक्यात बसवा

नकाशा न बघता या गाडीत बसलात तर अर्धी मजा हातची जाईल, कारण खिडकीतून जे दिसतं त्याचा अर्थच लागत नाही. मार्गाचे तीन भाग पाडा.

पहिला भाग ऑफेनबुर्ग ते हाउसाख. किन्झिग नदीच्या रुंद खोऱ्यातून गाडी सरळ पळते. चढ जेमतेम आहे आणि हाउसाख समुद्रसपाटीपासून अवघं २४१ मीटरवर आहे. फळबागा, द्राक्षमळे, छोटी गावं एवढंच इथे दिसतं. या भागात पुस्तक वाचलं तरी चालेल.

दुसरा भाग हाउसाख ते सांक्ट गेऑर्गेन. हाच खरा घाट, आणि त्याच्यासाठी तुम्ही आलेले असता. होर्नबेर्ग स्टेशन ३८४ मीटरवर, ट्रिबेर्ग ६१६ मीटरवर आणि सॉमराऊची खिंड ८३२ मीटरवर. होर्नबेर्गपासून वरपर्यंत ४४८ मीटर चढायचं आहे. होर्नबेर्ग आणि सांक्ट गेऑर्गेन ही गावं सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे ११ किलोमीटरवर. एवढ्याच अंतरात रूळ टाकले असते तर चढ साधारण २५ला १ झाला असता, म्हणजे २५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. १८६३ साली सुरू झालेला आपला कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट ३७ला १ आहे आणि तिथे आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. त्याहून कितीतरी तीव्र चढ वाफेच्या इंजिनांना झेपणं शक्यच नव्हतं.

यावर रोबर्ट गेर्विग या तेव्हाच्या बाडेन राज्याच्या अभियंत्याने काढलेला तोडगा असा: चढ कमी करायचा तर वाट लांबवायची. त्याने डोंगराच्या कुशीत रूळ आधी पुढे नेले, मग बोगद्यातून वळवून मागे आणले आणि वरच्या पातळीवरून पुन्हा पुढे नेले. अशा दोन दुहेरी फेऱ्या त्याने घातल्या, एक ट्रिबेर्गच्या अलीकडे आणि एक पलीकडे. ११ किलोमीटरचं अंतर त्यामुळे २६ किलोमीटरचं झालं आणि चढ कुठेही ५०ला १ च्या वर गेला नाही. बोरघाटात त्या काळी खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, दिशा उलटवून पुढे न्यावी लागे. गेर्विगने ती कटकट मुळातच टाळली. गाडी कुठे न थांबता, इंजिन न बदलता वर चढते. हीच युक्ती पुढे स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर वापरली गेली आणि तिथल्या आखणीतही गेर्विगचा हात होता.

यात राजकारणही होतं. शिल्टाखच्या खोऱ्यातून जाणारा दुसरा मार्ग सोपा आणि स्वस्त पडला असता, पण तो शेजारच्या व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या हद्दीतून जात होता. बाडेनला आपली रेल्वे आपल्याच जमिनीवर हवी होती. म्हणून सॉमराऊचा अवघड मार्ग पत्करला गेला. दोन्ही टोकांचे तुकडे १८६६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि मधला घाट नोव्हेंबर १८७३ मध्ये. एकूण ३९ बोगदे आहेत, त्यांतले बहुतेक याच घाटात. सर्वांत लांब बोगदा सॉमराऊचा, १६९७ मीटरचा.

तिसरा भाग सांक्ट गेऑर्गेन ते झिंगेन. सॉमराऊचा बोगदा ऱ्हाईन आणि डॅन्यूब यांच्या पाणलोटाखालून जातो. बोगद्याच्या अलीकडे पडलेला पाऊस उत्तर समुद्राला जातो, पलीकडचा काळ्या समुद्राला. पुढे ब्रिगाख नदीच्या सोबतीने गाडी फिलिंगेन आणि डोनाउएशिंगेनला उतरते, काही अंतर कोवळ्या डॅन्यूबच्या काठाने जाते आणि हाटिंगेनजवळ पुन्हा ऱ्हाईनच्या पाणलोटात शिरते. त्यानंतर हेगाऊचा मोकळा मुलूख, जुन्या ज्वालामुखींचे सुळके आणि झिंगेन. झिंगेनच्या पुढे कोन्स्टान्झपर्यंतचे रूळ तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्या मार्गाचे आहेत, पण गाडी तीच राहते, बदलावी लागत नाही.

तिकीट

महिनाभरात जर्मनीत आणखी कुठे फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट घ्या. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. देशभरच्या आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही उपनगरी गाडी, ट्राम आणि शहर बस अशा सगळ्या स्थानिक वाहनांत ते चालतं. ते वर्गणीचं तिकीट आहे, म्हणजे रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. रद्द करण्याची मुदत चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत असते आणि नेमकी हीच तारीख पाहुणे विसरतात. तिकीट एकाच नावावर असतं. तपासनीस आला की त्यासोबत पासपोर्ट किंवा निवास परवाना दाखवावा लागतो.

एकाच दिवसाची सहल आणि सोबत दोन-चार माणसं असतील तर बाडेन-व्युर्टेम्बेर्ग टिकेट बरं पडतं. एका तिकिटावर जास्तीत जास्त ५ जण. पहिल्या माणसाचा दर जास्त, पुढच्या प्रत्येकाची थोडी थोडी भर. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ वाजल्यानंतरच चालतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. दोन्ही बाबतींत दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ३ पर्यंत. कामाच्या दिवशी ८ वाजून ५० मिनिटांची गाडी पकडून «दहा मिनिटांनी काय होतंय» म्हणू नका, ते तिकीट तेव्हा वैध नसतं. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहायची जागा असते, ती गाडीत चढण्यापूर्वी भरा.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम करणार असाल तर हॉटेलवाल्याकडे कोनुस पाहुणेकार्ड मागा. योजनेत सामील असलेल्या गावांत राहणाऱ्यांना ते मुक्कामाच्या करातूनच मिळतं आणि त्यावर त्या भागातल्या स्थानिक गाड्या व बस फुकट असतात. मात्र ते थेट कोन्स्टान्झपर्यंत चालेल असं गृहीत धरू नका. कार्डासोबत मिळणाऱ्या नकाशात शेवटचं स्टेशन कोणतं ते बघून ठेवा.

सर्वांत महागात पडणारी चूक कार्ल्सरूहेत होते. तिथून ऑफेनबुर्गला आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्याही जातात आणि त्या आरईपेक्षा लवकर पोचतात. डॉइचलांडटिकेट, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग टिकेट किंवा कोनुस यांपैकी काहीही त्या गाडीत चालत नाही. विनातिकीट प्रवासाचा दंड किमान ६० युरो आहे. डीबी नेव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये गाडी शोधताना फक्त स्थानिक गाड्या दाखवा हा पर्याय निवडून ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

मुंबईहून फ्रँकफुर्टला उतरून थेट इकडे येणाऱ्यांनी विमानतळ ते कार्ल्सरूहे किंवा ऑफेनबुर्ग हा टप्पा आयसीईने करावा आणि पुढे आरई २ घ्यावी. स्वस्तातलं आयसीई तिकीट त्या ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, कारण विमानाच्या उशिराशी रेल्वेचं देणंघेणं नसतं. उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत अडीच-तीन तास ठेवा, नाहीतर थोडे जास्त पैसे मोजून कोणत्याही गाडीत चालणारं तिकीट घ्या.

कोणती गाडी, कोणती वेळ

या मार्गाचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. आरई २ एखाद्या स्टेशनातून एका तासाला ज्या मिनिटाला सुटते, साधारण त्याच मिनिटाला पुढच्या तासालाही सुटते. म्हणून आखणीचं एकक तास धरा. थांब्यावर एक तास, दोन तास किंवा तीन तास. सव्वा तासाचा कार्यक्रम आखलात तर पाऊण तास फलाटावर बसण्याची तयारी ठेवा.

कार्ल्सरूहे ते कोन्स्टान्झ न उतरता सुमारे तीन तास लागतात, होर्नबेर्ग ते सांक्ट गेऑर्गेन हा घाट साधारण अर्धा तास. दोन ठिकाणी उतरायचं असेल तर सकाळी ९ च्या सुमारास निघून संध्याकाळी कोन्स्टान्झ गाठणं जमतं. डिसेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात दुपारी दोनच्या आत घाट चढून व्हायला हवा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई करू नका.

गाडीचं नाव नीट वाचा. ऑफेनबुर्गहून हाउसाखपर्यंत याच रुळांवरून फ्रॉइडनश्टाटच्या गाड्याही जातात आणि हाउसाखला त्या वेगळ्या खोऱ्यात वळतात. चुकून त्यात बसलात तर हाउसाखला उतरून मागची आरई २ घ्या, फार तर तासभर जाईल. पुढच्या टोकालाही अशीच सरमिसळ आहे. डोनाउएशिंगेनला फ्रायबुर्गची एस-बान मिळते, काही तुकड्यांवर रिंगत्सूग नावाची स्थानिक गाडी धावते, एंगेन ते कोन्स्टान्झ झेहास नावाची, आणि हाटिंगेनपासून झिंगेनपर्यंत स्टुटगार्ट-झ्युरिकच्या गाड्या हेच रूळ वापरतात. प्रदेशाच्या दृष्टीने आजच्या श्वार्त्सवाल्डबानचं मोल इथेच कळतं. घाटातला भाग नजरेत भरतो, पण ऱ्हाईनचं खोरं, डॅन्यूबचा उगम आणि बोडनझे सरोवर यांना जोडणारा कणा म्हणून हा मार्ग टिकून आहे. राज्य सरकार स्थानिक गाड्यांची फेऱ्यांनुसार मागणी नोंदवून पैसे मोजतं, म्हणून दुपारी अर्धी रिकामी गाडीसुद्धा तासाला येतेच.

कुठे बसायचं

वरच्या मजल्यावर. बाकी सगळे सल्ले यापुढे गौण. खालच्या मजल्याची खिडकी फलाटाच्या पातळीला असते आणि घाटात ती संरक्षक भिंती व झुडपांमुळे निम्मा वेळ झाकलेली राहते. सामान जड असेल तर एकाने खाली दारापाशी मोकळ्या जागेत सामानासोबत बसावं, कारण जिना अरुंद आहे आणि वरच्या रॅकवर केबिन बॅगसुद्धा जेमतेम मावते.

डावी की उजवी, हा प्रश्न सगळे विचारतात. घाटात त्याला उत्तर नाही. गाडी दोन-दोनदा उलटी फिरते, त्यामुळे दरी कधी या बाजूला येते, कधी त्या बाजूला. गाडी रिकामी असेल तर दोन्ही बाजूंची जागा धरा आणि सरकत राहा. ऊन पडलं असेल तर एक सोपी खूण आहे. बोगद्यात शिरताना मांडीवर असलेलं ऊन बाहेर आल्यावर समोरच्या खिडकीत गेलेलं दिसलं, की गाडीने दिशा उलटवली असं समजा. मग खाली पाहा, मघाशी ज्या रुळांवरून आलात ते झाडांतून दिसतात. फोनवरच्या नकाशातला निळा ठिपकाही हेच दाखवतो, मात्र नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण बोगद्यांच्या रांगेत नेटवर्क सारखं तुटतं. तिकीट ॲपमध्ये असेल तर तेही होर्नबेर्गच्या आधी उघडून ठेवलेलं बरं.

एंगेनच्या पुढे मात्र उजवी बाजू धरा, म्हणजे कोन्स्टान्झकडे जाताना उजवी. होएनहेवेन, होएनक्रेएन आणि झिंगेनच्या डोक्यावरचा होएनट्वील हे ज्वालामुखीचे सुळके त्याच बाजूला येतात. राडोल्फत्सेलनंतर सरोवरही उजवीकडेच, काही ठिकाणी रुळांच्या अगदी शेजारी.

खिडक्या उघडत नाहीत. फोटो काचेतून घ्यायचा तर कॅमेऱ्याचं भिंग काचेला टेकवा आणि गडद कपडे घाला, नाहीतर फोटोत तुमचाच शर्ट उमटतो. दोन बोगद्यांमधलं अंतर काही ठिकाणी काही सेकंदांचंच आहे. तिथे फोटोचा नाद सोडून नुसतं बघावं हे उत्तम.

कुठे उतरायचं

दोन थांबे पुरेत. तीन केले तर एकही धड होत नाही.

गेंगेनबाख ऑफेनबुर्गच्या लगेच पुढचं. लाकडी चौकटींच्या घरांचं जुनं गाव स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. एका तासात आरामात होतं. डिसेंबरात तिथल्या नगरभवनाच्या २४ खिडक्या ख्रिसमसपूर्व दिवसांचं कॅलेंडर म्हणून रोज एक अशा उघडल्या जातात. त्या काळात संध्याकाळी गर्दी तोबा असते.

हाउसाखजवळच्या गुटाखला फोग्ट्सबाउअर्नहोफ हे खुलं संग्रहालय आहे. ब्लॅक फॉरेस्टमधली जुनी शेतघरं तिथे जतन करून ठेवली आहेत. मूळ घर १६१२ सालचं, संग्रहालय १९६४ पासूनचं. हिवाळ्यात ते बंद असतं. आरई २ संग्रहालयाच्या थांब्यावर थांबेल असं धरू नका. हाउसाखला उतरून पुढे बस किंवा मोसमातली स्थानिक गाडी बघावी लागते. लहान मुलं सोबत असतील तर ट्रिबेर्गपेक्षा हे ठिकाण सरस.

होर्नबेर्गला उतरण्याचं कारण एकच, गावाच्या डोक्यावरून जाणारा वळणदार दगडी पूल. तो १५० मीटर लांब आणि २४ मीटर उंच आहे. पहिला पूल लोखंडी जाळीचा होता, १९२०च्या दशकात त्याच्या जागी दगडी कमानी आल्या. गाडीत बसून पूल दिसत नाही, खालून गावातून दिसतो. रेल्वेवेडा नसलेल्या माणसाला एवढ्यासाठी तासभर थांबवू नका.

ट्रिबेर्ग हा मुख्य थांबा आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त. स्टेशन दरीत आहे, गाव वर आहे आणि धबधबा गावाच्याही वरच्या अंगाला. स्टेशनातून चालत गावात जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि सगळा रस्ता चढाचा. बाहेर बस मिळते, पण ती प्रत्येक गाडीला जुळतेच असं नाही. वर जाताना बस आणि परतताना उतारावरून पायी, हा हिशेब बरा. धबधबा एकूण १६३ मीटरचा, पण एका उडीत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. आपल्याकडचे पावसाळी धबधबे पाहिलेल्यांनी अपेक्षा थोडी आवरती घ्यावी. प्रवेशाला पैसे पडतात. हिवाळ्यात वाटेवर बर्फाचा पापुद्रा असतो, तेव्हा खोबणीदार तळव्याचे बूट हवेतच. धबधबा आणि गाव मिळून तीन तास ठेवा.

रेल्वेची आवड असणाऱ्यांनी ट्रिबेर्गला धबधबा सोडला तरी चालेल. स्टेशनाबाहेर एक जुनं वाफेचं इंजिन उभं केलं आहे आणि तिथूनच श्वार्त्सवाल्डबान एर्लेब्निसफाड ही पायवाट सुरू होते. जागोजागी फलक आहेत आणि गेर्विगने रूळ कसे वळवले ते जमिनीवर उभं राहून कळतं. ड्रायबानेनब्लिक या ठिकाणावरून हाच मार्ग तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर दिसतो. दोन्ही दिशांना साधारण तासाला एकेक आरई असल्याने तासभर थांबलात तर निदान दोन गाड्या दिसाव्यात. एकच गाडी थोड्या थोड्या वेळाने तीनदा डोकावून जाते, म्हणून पहिल्यांदा दिसली की कॅमेरा लगेच बंद करू नका. वाट जंगलातली आहे, चढ-उतार बरेच, पावसानंतर पानांच्या थराखाली मुळं निसरडी. रुळांच्या जवळ जाऊ नका. १९७५ ते १९७७ दरम्यान हा मार्ग विजेवर आला आणि वरच्या तारेत १५ हजार व्होल्ट आहेत. कॅमेऱ्याची लांब काठी घेऊन पुलावरून वाकणं जिवावर बेतू शकतं.

डोनाउएशिंगेनला राजवाड्याच्या बागेत डॅन्यूबचं उगमकुंड आहे, स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटं. कुंड सुबक आहे, पण खरा उगम हाच का, यावर जुना वाद आहे. फुर्टवांगेनजवळ उगम पावणारी ब्रेग लांबीने मोठी, म्हणून तिकडचे लोक उगमाचा मान आपल्याकडे ओढतात. त्याहून नवलाची गोष्ट इम्मेंडिंगेनजवळ आहे. तिथे डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या तळातून जमिनीत झिरपतं आणि उन्हाळ्यात बरेच दिवस नदीचं पात्र कोरडं ठणठणीत असतं. ते पाणी दक्षिणेला आखच्या झऱ्यातून वर येतं आणि ऱ्हाईनला मिळतं. कोरडं पात्र बघायचं असेल तर पाऊस नसलेल्या उन्हाळी आठवड्यात जा.

काय बिघडतं आणि का

घाटात पर्यायी वाट नाही. दरड कोसळली, झाड तारेवर पडलं किंवा बोगद्याचं काम निघालं की हाउसाख ते फिलिंगेन पट्ट्यात गाड्या थांबतात आणि बदली बस सुरू होते. तिला एसईव्ही म्हणतात. बस स्टेशनाच्या दारात उभी असेलच असं नाही, एसईव्ही लिहिलेली पाटी शोधावी लागते. बसने रस्त्याचे घाट उतरत जाण्यात वेळ खूप जातो, पुढची जोडगाडी चुकते आणि सायकल तर बहुतेकदा घेतच नाहीत. मोठी कामं आधी जाहीर होतात. म्हणून आदल्या रात्री ॲपमध्ये तुमची नेमकी गाडी उघडून बघा, नुसतं वेळापत्रक बघू नका.

गाडी उशिरा आली तर हक्क काय? साध्या तिकिटावर ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मिळतात. डॉइचलांडटिकेटवर तासाभराच्या किंवा जास्त उशिराला प्रत्येक वेळी दीड युरो आणि तेही किमान चार युरो साठल्यावरच. त्यामुळे एका सहलीतल्या उशिरापायी अर्ज भरत बसण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उशीर झाला म्हणून आयसीईत बसण्याची मुभा या सवलतीच्या तिकिटांना नाही.

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची झुंबड असते, कारण डॅन्यूबकाठची सायकलवाट डोनाउएशिंगेनहून सुरू होते. सायकल न्यायची असेल तर सकाळची पहिली-दुसरी गाडी पकडा. डब्यात जागा संपली की गार्ड सायकलसह चढू देत नाही आणि त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

हवामान फसवतं. ऑफेनबुर्गला १६० मीटरच्या आसपास नुसता पाऊस पडत असताना सांक्ट गेऑर्गेनला ८०० मीटरवर बर्फ असू शकतो. मे महिन्यातसुद्धा एक गरम कपडा पिशवीत असू द्या. आणि रविवारी दुकानं बंद असतात. कार्ल्सरूहे किंवा ऑफेनबुर्गच्या स्टेशनात पाणी आणि खाणं घेऊन ठेवा, कारण पुढच्या छोट्या स्टेशनांवर काही मिळेलच याची खात्री नाही. थालीपीठ किंवा धपाटे बांधून आणले असतील तर गाडीत बिनधास्त खा, कोणी काही म्हणत नाही.

कोन्स्टान्झला पोचल्यावर, आणि परत

शेवटी गाडी ऱ्हाईनवरचा पूल ओलांडून थेट बंदराला लागून असलेल्या स्टेशनात शिरते. शहराला खेटून स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगेन आहे, चालत जाता येतं. जर्मन निवास परवाना किंवा शेंगेन व्हिसा तिथे चालतो, पण पासपोर्ट खिशात हवा आणि खरेदी केलीत तर कस्टमचे नियम लागू होतात. जास्त धोका फोनचा आहे. कोन्स्टान्झमध्ये उभे असतानाही फोन स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपीय संघाची मोफत रोमिंगची सोय त्याला लागू नाही. स्टेशन यायच्या आधी डेटा रोमिंग बंद करा.

त्याच दिवशी कार्ल्सरूहेला परतायचं असेल तर तेच तीन तास पुन्हा. संध्याकाळच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा आणि शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. कोन्स्टान्झ नको असेल तर एक आटोपशीर फेरी आहे. ऑफेनबुर्गहून ट्रिबेर्ग, तिथून डोनाउएशिंगेन, मग एस-बानने ह्योलेनटाल मार्गे फ्रायबुर्ग आणि तिथून ऱ्हाईनच्या खोऱ्यातून परत ऑफेनबुर्ग. सगळं एकाच डॉइचलांडटिकेटवर किंवा बाडेन-व्युर्टेम्बेर्ग टिकेटवर होतं. ह्योलेनटालचा मार्ग १८८७ सालचा. तिथे वाट लांबवली नाही, सरळ उतार घेतला, तोही काही ठिकाणी हजाराला ५५ हून जास्त, म्हणजे साधारण १८ला १. सुरुवातीला तिथे इंजिनांना दातेरी रुळाचा आधार लागे, तो १९३३ मध्ये काढला. फेरी याच दिशेने करा, म्हणजे तो तीव्र घाट उतरताना हिंटरत्सार्टेननंतर राव्हेनाचा उंच पूल लागतो. उलट दिशेने निघालात तर दिवसभर फिरून दमल्यावर शेवटी श्वार्त्सवाल्डबानचा घाट येतो आणि हिवाळ्यात तो अंधारात जातो.